अपेक्षा

इस्टेट एजंट रायन ओल्डरॉइडने
पेन सरसावून विचारलं,
"तुमच्या अपेक्षा?"

हा रकाना मी याआधी एकदाच भरलाय,
मिरजेत, वधूवर सूचक मंडळाच्या हिरव्या फॉर्मवर.
म्हणजे आई सांगत गेली, मी लिहीत गेले:
निर्व्यसनी. स्वतःचा फ्लॅट. पुण्यात असल्यास प्राधान्य.
सात स्थळं आली. एकाचाही चेहरा आठवत नाही.

या वेळी मी अडखळले नाही.
तळमजला.
पायरी एक चालेल, फार तर दोन.
मागे अंगण, सहा फुटी कुंपण, त्यात फट नको.
गुळगुळीत लादी नको, तिचे पाय घसरतात.
शेजारी मांजर नसल्यास प्राधान्य.

रायननं मान हलवत लिहून घेतलं.
"आई राहतात का सोबत?"

तिचं नाव मटकी.
ट्रॅकवर ती 'नॉर्दर्न ड्यूटी' होती,
दोन्ही कानांत गोंदलेली हिरवी अक्षरं,
एकोणपन्नास शर्यती, चार जिंकलेल्या,
मग मांडीचा स्नायू गेला
आणि ती कुणाच्याच हिशेबात राहिली नाही.
रंग मोड आलेल्या मटकीचा, म्हणून हे नाव.
शेफील्डवाले मॅट्की म्हणतात,
ती दोन्हींना तितकंच दुर्लक्षून झोपते.

जिना म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं.
ताशी चाळीस मैल धावलेलं जनावर
माझ्या दुसऱ्या मजल्याच्या पहिल्या पायरीपाशी
तोंडी परीक्षेला उभ्या पोरीसारखं थरथरायचं.
सत्तावीस किलो.
अकरा आठवडे मी तिला उचलून वर नेलं,
मग माझी कंबर म्हणाली, बाई, घर बदल.

घर बदललं. मग घरानं बाकीचं बदललं.

चार तासांहून जास्त तिला एकटं ठेवायचं नाही,
म्हणून विद्यापीठाची लॅब सुटली,
कोपऱ्यावरची फार्मसी आली, सकाळपुरती.
रेडिंगची बढती होती, मोठ्या पगाराची,
सहाव्या मजल्यावरच्या कंपनी फ्लॅटसकट.
मी नको म्हणून कळवलं आणि त्या दिवशी
डिसेंबरच्या साडेचारच्या काळोखात
दोघी चमकत्या पिवळ्या जाकिटांत फिरून आलो,
रस्ता खोदायला निघाल्यासारख्या.

आई फोनवर म्हणाली,
"कुत्र्यापायी कुणी नोकरी सोडतं का गं?"
"माणसापायी सोडतात ना."
मला बोलायचं नव्हतं ते. निसटलं.
तिनं शाळेतली नोकरी सोडली होती,
बाबांची चिपळूणला बदली झाली तेव्हा.
पलीकडे कुकरची एक शिट्टी होऊन गेली.
मग म्हणाली, "जेवते का नीट?"
कोण, ते मी विचारलं नाही.

सोफा तिचा. तीन माणसांचा, पण ती लांब आहे.
मी खाली मांडी घालून बसते,
ताट मांडीवर, पाठीला तिचा श्वास.
इथल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच
जमिनीवर जेवते आहे.

एक सांगायचं राहिलं.
त्या दिवशी रायननं आधी एक वरचं घर दाखवलं होतं,
"बघून तर घ्या" म्हणत.
वॉकलीच्या टेकडीवर, पश्चिमेची खिडकी,
खाली रिव्हलिनची अख्खी दरी,
धुक्यातून एकेक दिवा लागत चाललेला.
मी बराच वेळ उभी होते.
उतरताना पायऱ्या मोजल्या. चौदा.

"नाही पटलं?"
"पटलं," मी म्हटलं. "अपेक्षेत बसत नाही."

फार्मसीतून येताना ती खिडकी अजून दिसते.
कुणीतरी आत सायकल टांगली आहे.
मी क्षणभर थांबते,
तेवढ्यात घड्याळात बाराला दहा कमी असतात
आणि चार तास भरत आलेले असतात.